मैफलीत बसल्यावर नेमकं काय ऐकायचं?

काळी_पाच (फोंडा)

मैफल संपून लोक बाहेर पडतात तेव्हा एक वाक्य हमखास कानी येतं : "छान झालं, पण आपल्याला त्यातलं काही कळत नाही." दुसरीकडे कुठे हे ऐकलं तर मी गप्प बसेन, गोव्यात मात्र राहवत नाही. केसरबाई केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या, दीनानाथ आणि अभिषेकीबुवा मंगेशीचे, तुळशीदास बोरकर बोरीचे, खाप्रूमामा पर्वतचे. एवढ्याशा मुलखातली ही गाणारी-वाजवणारी माणसं. त्यांच्या कानावर लहानपणी जे पडलं, म्हणजे देवळातला चौघडा, पालखीपुढचं भजन, चवथीची आरती, जत्रेतलं नाटक, ते आजही आपल्या कानावर पडतं. ते ऐकत वाढलेल्या माणसाचा कान तयार असतो. कान द्यायचा कशाकडे, एवढंच त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

माझं म्हणणं असं की एका वेळी एकच गोष्ट धरून ऐकावं, आणि सुरुवात रागापासून करू नये. "हा कुठला राग?" हा प्रश्न मनात घेऊन बसलेला माणूस पहिली पंधरा मिनिटं परीक्षेला बसल्यासारखा बसतो आणि समोरचं गाणं निसटून जातं.

पहिली गोष्ट षड्ज, म्हणजे सा. गायक येण्याआधी तंबोरे जुळत असतात, तेव्हा गप्पा थांबवा. तंबोऱ्याच्या चार तारा : पहिली बहुधा पंचमाला (प), मधल्या दोन जोडाच्या तारा षड्जाला, शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची. मालकंससारख्या रागात पंचम नसतो, तिथे पहिली तार मध्यमाला (म) लावतात. तो षड्ज मनातल्या मनात गुणगुणा. आपल्या पेटीवर तो काळी एक असेल, पांढरी चार असेल, त्याने काही बिघडत नाही. आपल्या संगीतात सा ठरलेल्या उंचीवर बसलेला नाही, ज्याच्या गळ्याला जो मानवेल तो त्याचा सा. बाकीचे अकरा स्वर त्याच्यापासून मोजायचे. हा सा एकदा मनात पक्का बसला की गायक त्याच्यापासून किती दूर गेला, कुठे रेंगाळला आणि कधी परतला हे आपोआप कळायला लागतं. आलापीतला निम्मा आनंद या परतण्यात आहे. तंबोरा उत्तम जुळला आणि जवारी, म्हणजे तारेचा झंकार, नीट लागली असेल तर आणखी एक चमत्कार ऐकू येतो. खर्जाच्या तारेतून गंधार (ग) बोलतो. गंधाराला लावलेली तार तिथे एकही नसते. तार जितक्या वेगाने कंप पावते त्याच्या पाचपट वेगाचा कंपही तिच्यात मिसळलेला असतो आणि तो आपल्याला गंधार म्हणून ऐकू येतो. हा गंधार ज्याने एकदा ऐकला, त्याला सुरेल म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरी गोष्ट सम, म्हणजे तालाच्या एका फेऱ्याची, आवर्तनाची, पहिली मात्रा. त्रितालात सोळा मात्रा, चार-चारचे चार भाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे टाळीऐवजी नुसता तळवा उलटा. पण बोटांवर मोजत बसू नका, डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतलं खालच्या सुराचं वाद्य, ऐका. आवर्तनाच्या पहिल्या अर्ध्यात डग्ग्याचा घुमारा भरलेला असतो, खालीच्या भागात "तिं तिं ता" येतं आणि तो घुमारा नाहीसा होतो. चौदाव्या मात्रेला "धिं" येऊन तो परततो. म्हणजे सम आली जवळ. आता गायकाकडे पाहा. बंदिशीचा मुखडा, म्हणजे तिचे सुरुवातीचे शब्द, घेऊन तो त्याच जागेकडे निघालेला असतो. दोघं बरोबर समेवर आले की सगळ्या सभागृहाच्या माना एकदम हलतात.

एवढ्या दोन गोष्टी घेऊन जा. अनुभव इथे लिहा.

आबोली (पणजी)

मनापासून वाचलं. एक अडचण आहे. पुष्कळदा तंबोरा ऐकूच येत नाही. पेटी आणि तबला इतका मोठा असतो की तंबोरे फक्त दिसतात. घरी ऐकताना तर मोबाइलवर डग्गाही लागत नाही. मग काय करायचं?

काळी_पाच

आबोलीताई, मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून खालचे सूर जवळपास बाहेरच पडत नाहीत. डग्गा, पखवाज, घुमट या सगळ्यांचा जीव तिथे जातो. साधे हेडफोन लावा, लगेच फरक कळेल. मैफलीत मात्र शक्यतो मधोमध आणि पुढच्या बाजूला बसा, एखाद्या स्पीकरच्या थेट तोंडावर नको. आणि आयोजकांना कळकळीची विनंती, की तंबोऱ्याला स्वतंत्र माईक द्या आणि तो उघडा ठेवा. गायकाला जो आधार लागतो तोच श्रोत्यालाही लागतो.

सातेरीचा_टाळ (डिचोली)

काळी पाच बाब, चांगला विषय काढलात. मी भजनातला माणूस आहे, रागदारी शिकलेलो नाही. पण तुमच्या यादीत शब्द कुठे आहेत? आमच्याकडे पंचपदी, म्हणजे भजनातली ठरलेल्या क्रमाची पदं, सुरू झाली की आधी नामाचा गजर, मग रूपाचा अभंग. बुवा एकच चरण चार वेळा घेतात आणि दर वेळी वेगळ्या शब्दावर जोर देतात. चाल तीच असते, पण अर्थ दर खेपेला नवा उजेडात येतो. ख्यालात शब्द विरघळले तरी चालतं, अभंगात शब्द नाहीसा झाला तर उरलं काय? तेव्हा ऐकण्याच्या गोष्टींत तिसरी ही धरा : शब्द कुठे तुटतो, श्वास कुठे घेतला जातो, कुठल्या अक्षरावर सूर लांबतो. "विठ्ठल" म्हणताना 'वि'वर थांबणारा बुवा आणि 'ठ्ठ' अंगावर घेणारा बुवा, दोघांची भक्ती वेगळी ऐकू येते.

ज्यांना तालाची भीती वाटते त्यांनी वास्कोच्या सप्त्यात एकदा तरी जाऊन बसावं. दामोदराच्या देवळात चोवीस तास भजन अखंड चालू असतं, एक पथक उठतं आणि दुसरं बसतं, पण लय तुटू देत नाहीत. तिथे तासभर बसलेल्या माणसाला ताल समजावून सांगावा लागत नाही.

कौलारू

+१. सप्त्याबद्दल अगदी खरं.

चौथी_तार (म्हापसा)

मूळ लेखातल्या एका मुद्द्याला माझा ठाम विरोध आहे. राग शेवटी ठेवा म्हणता, पण राग बाजूला ठेवला तर श्रोत्याला स्वरांची ये-जा फक्त ऐकू येईल, त्यामागचं कारण कळणार नाही. उदाहरण देतो. भूप आणि देशकार. स्वर अगदी तेच पाच : सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. पेटीवर वाजवून दाखवले तर पट्ट्या त्याच. पण भूपात गंधार घर करून बसलेला असतो, गाणं मध्य सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात रमतं, चाल शांत. देशकारात धैवताचं राज्य, वरच्या षड्जावरून धैवतावर उतरणं, पंचमावर टेकणं, आणि रिषभाला जेमतेम स्पर्श. एक संध्याकाळचा, दुसरा सकाळचा. हा फरक ज्याच्या कानात शिरला त्याला राग म्हणजे काय ते समजलं. राग म्हणजे स्वरांचा हिशोब नव्हे, त्यांच्यातलं कुणी मोठं, कुणी धाकटं, कोण कुणाकडे कुठल्या वाटेने जातो हे सगळं. मारवा, पूरिया, सोहनी हेही असेच एकाच स्वरांचे तिघे. मारव्यात षड्ज इतका टाळतात की श्रोत्याचा जीव कासावीस होतो. तुम्ही म्हणता तसा नुसता षड्ज धरून बसलेला माणूस मारव्यात पहिली दहा मिनिटं हरवेल.

काळी_पाच

चौथी तार, मारव्याचं उदाहरण इतकं नेमकं दिलंत की मी ते माझ्याच बाजूने वापरतो. मारव्यात षड्ज टाळला जातोय ही बेचैनी कुणाला जाणवते? ज्याच्या मनात षड्ज पक्का आहे त्यालाच. नाव माहीत नसलेला श्रोताही अस्वस्थ होतो आणि अखेर सा लागला की सुटकेचा श्वास सोडतो. नाव नंतर कळलं तरी चालेल, अनुभव आधी यावा.

भूप-देशकारचं मात्र पूर्ण मान्य. पण तेही नाव न विचारता शिकता येतं. गायक सारखा कुठल्या स्वरावर येऊन विसावतो, एवढंच पाहायचं. विसाव्याची जागा सापडली की रागाचं अर्धं रूप हाती आलं.

आपल्याकडच्या गायकीबद्दल एक सांगतो, कारण ते इथेच लागू पडतं. अल्लादियाखाँसाहेबांची तालीम केसरबाईंना मिळाली, मोगूबाईंना मिळाली. या जयपूर-अत्रौली गायकीत आलाप लयीला सोडून तरंगत नाही, मध्यलयीच्या जवळपास राहून मात्रेमात्रेला गुंफलेला असतो. आवाज खुल्या आकाराचा. राग पुष्कळदा जोड (दोन राग मिळून झालेले) किंवा अनवट (क्वचित गायले जाणारे), त्यामुळे जाणकारही नाव सांगताना थबकतात. म्हणजे गोव्याचं नाव ज्या गायकीने मोठं केलं ती ऐकायला रागाच्या नावापेक्षा लयीची पकड जास्त उपयोगी पडते. मोगूबाईंच्या कन्या किशोरीताईंनी पुढे आलाप विस्तारला, लय संथ केली, भावाला सगळ्यांच्या वर बसवलं. मायलेकींचं गाणं एकापाठोपाठ ऐकलं तर एकाच मुळाच्या दोन वाटा स्वच्छ कळतात.

रेकॉर्डवाला (मडगाव)

ऐकणं सुरू करणाऱ्यांसाठी माझा सल्ला : जुन्या ७८ गतीच्या तबकड्यांची ध्वनिमुद्रणं घ्या. एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तेवढ्यात स्थायी, अंतरा, थोडे आलाप, ताना, सगळं बसवायचं. त्यामुळे पसारा नाही, आणि पुन्हा पुन्हा ऐकता येतं. पहिल्या खेपेला फक्त षड्ज, दुसऱ्या खेपेला सम, तिसऱ्याला नुसता आवाज. केसरबाईंच्या भैरवीने सुरुवात करा. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात भारतातर्फे हीच भैरवी आहे. आपण तिचा अभिमान पुष्कळ मिरवतो, पण लक्ष देऊन किती जणांनी ऐकली आहे? रिषभ, गंधार, धैवत, निषाद चारही कोमल, म्हणजे थोडे उतरवलेले. आवाज खालपासून वरपर्यंत एकसारखा भरीव, वर गेला म्हणून कुठे बारीक होत नाही. तीन मिनिटांत एकदाही घाई नाही.

दुलपद (मडगाव)

मी व्हायोलिन वाजवते, पाश्चात्त्य पद्धतीने शिकले. घरात मराठी, शेजार ख्रिश्चन, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकत मोठी झाले. इथे आतापर्यंत जे आलं त्यात एक मोठं दालन अजून उघडलेलं नाही, ते म्हणजे एकाच वेळी लागणारे अनेक सूर.

आपली रागदारी एकाच धाग्याने विणली जाते. एक सूर जातो, दुसरा येतो, आणि मागे तंबोरा. चर्चमधल्या गायनात मात्र सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे चार आवाज एकाच क्षणी वेगवेगळे सूर धरतात, आणि कान ऐकतो तो त्यांचा मेळ. सा, ग, प एकत्र वाजवा : प्रसन्न, उघडं. गंधार कोमल करा : लगेच सावली पडते. एकाच स्वराची उंची बदलली आणि सगळ्या मेळाचा रंग पालटला. पुढे हे मेळ एकामागून एक सरकतात, ताण चढतो, मग सुटतो. समेवर येताना जे समाधान मिळतं तेच इथे मेळ घरी परतताना मिळतं.

हे समजून घ्यायला गोव्यात मांडोसारखं, म्हणजे आपल्या कोकणी गीतप्रकारासारखं, साधन नाही. सासष्टीतल्या घराघरांत हा बहरला. चाल संथ, तीन-तीनच्या वजनाची, आणि दोन आवाजांत गायलेली. दुसरा आवाज पहिल्याच्या बरोबर, पण बहुतेक वेळ दोन स्वरांच्या अंतराने खाली किंवा वर चालतो. पहिल्यांदा ऐकताना मुख्य चाल सोडून द्या आणि फक्त तो दुसरा आवाज धरायचा प्रयत्न करा. आधी जमणार नाही, कान पुनःपुन्हा वरच्या चालीकडे ओढला जाईल. चिकाटी ठेवा. एकदा जमलं की चर्चमधलं चार आवाजांचं गाणंसुद्धा सुटं सुटं ऐकू येऊ लागतं. मांडोमागून दुलपद येतं तेव्हा लय एकदम चढते, पाय हलायला लागतात. लय बदलली की भाव कसा बदलतो ते यापेक्षा सोपं कुठे दिसेल?

गोव्याच्या पॅरिश शाळांत पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवली. त्याचा परिणाम मुंबईच्या चित्रपटसंगीतात ऐकू येतो. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा यांच्यासारख्या संयोजकांनी एका चालीभोवती व्हायोलिनचे आणि इतर वाद्यांचे थर उभे केले. जुनं हिंदी गाणं ऐकताना गायकाचा आवाज जिथे थांबतो त्या मधल्या जागा ऐका. त्या जागांत गोवा आहे.

काळी_पाच

दुलपदताई, देव बरें करूं. हे माझ्याने लिहून झालं नसतं. तुमच्या लेखनात मांडो आला म्हणून घुमट आठवलं, कारण मांडोला व्हायोलिनबरोबर घुमट असतं आणि चवथीच्या आरतीतही तेच घुमट, जोडीला शामेळ (ढोलासारखं वाद्य) आणि कांसाळें (झांजा).

नादाचे तीन गुण सांगतात : उंची, लहानमोठेपणा आणि जाती. पहिले दोन चटकन कळतात. तिसरा, जाती, म्हणजे तोच सूर तितक्याच जोराने लावला तरी ही सनई, ही बासरी, ही पेटी असं ज्यामुळे ओळखू येतं तो गुण. तो समजायला घुमटासारखं वाद्य नाही. मातीचं भांडं, रुंद तोंडावर कातडं, दुसरं तोंड लहान आणि उघडं. उजवा हात कातड्यावर वाजतो, डावा हात त्या उघड्या तोंडावर झाकतो, सोडतो. हात झाकला की आतली हवा कोंडते आणि नाद दबतो, सोडला की घुमारा मोकळा होतो. वादकाचा डावा हात पाहत ऐका, आवाजाचा पोत क्षणाक्षणाला कसा बदलतो ते डोळ्यांनाही दिसेल. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. वन्यजीव कायद्याने त्यावर बंदी आली आणि आता बकरीचं लावतात. जुने वादक म्हणतात नाद बदलला, आणि कातडं बदललं की जाती बदलणारच. पण बकरीच्या कातड्यावर आज पोरंपोरी जोमाने वाजवताहेत, मुलींची पथकं उभी राहिली आहेत, २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. नाद थोडा वेगळा झाला तरी वाद्य जिवंत राहिलं, याचं मोल मला फार मोठं वाटतं.

सातेरीचा_टाळ

घुमटाबद्दल लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. सुवारी, म्हणजे घुमटांचं वादन, बसून ऐकली की तोंडात शब्द नसताना गाणं कसं होतं ते कळतं. लयभास्कर खाप्रूमामा अशाच मातीतून आले. एका हाताने एक ताल, दुसऱ्या हाताने दुसरा, असं धरून दाखवत असं आमच्याकडे सांगतात.

आबोली

हेडफोन लावून ऐकलं. डग्गा नाहीसा होतो आणि परततो हे खरोखर ऐकू आलं! पण विलंबित, म्हणजे खूप संथ, एकतालात काहीच पत्ता लागेना. आणि दुसरं, पेटीवर सा धरून तंबोऱ्याचा गंधार शोधला, तर पेटीच्या गंधाराशी तो जुळत नाही. माझी पेटी बिघडली आहे का?

चौथी_तार

पेटी ठीक आहे, आबोलीताई, कान चांगला आहे तुमचा! पेटीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, म्हणजे कुठल्याही पट्टीतून गाता यावं. त्यामुळे पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून निघणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. याच कारणावरून पूर्वी मोठा वाद झाला. आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला दार बंद ठेवलं होतं. तरी त्याच पेटीवर बोरीच्या तुळशीदास बोरकरांनी गाणं गळ्यासारखं वळवून दाखवलं, पुढे पद्मश्रीही मिळाली. वाद्याच्या मर्यादा ओलांडता येतात, फक्त तेवढा सराव हवा.

विलंबिताचं सांगायचं तर तिथे एक आवर्तन पाऊण मिनिटाचं, कधी त्याहून मोठं असतं. त्यात मात्रा मोजायला जाऊ नका, मुखडा लक्षात ठेवा. गायक कितीही फिरून आला तरी समेच्या आधी मुखड्याचे तेच शब्द उचलतो. ते शब्द ऐकू आले की सावध व्हायचं.

पारंबी (सावंतवाडी, सध्या पर्वरी)

सगळा धागा वाचून काढला. एक शंका. त्रिताल आता जमतो, पण रूपक लागला की टाळी चुकते. शेजारी बसलेले मान डोलावतात तेव्हा मला तिथे काहीच जोरदार ऐकू येत नाही.

काळी_पाच

तुम्हाला बरोबर ऐकू येतंय. रूपकाच्या सात मात्रा, तीन-दोन-दोन : तिं तिं ना, धिं ना, धिं ना. या तालात सम खालीवर आहे, म्हणून समेला डग्ग्याचा घुमारा नसतो. तो येतो चौथ्या आणि सहाव्या मात्रेला. आधी त्या दोन "धिं" धरा. दुसरा "धिं ना" संपला की पुढची मात्रा सम. हाताने टाळीऐवजी तिथे नुसता तळवा उलटा करा, बाकीच्या दोन जागी टाळी द्या. दिवसभरात गाडी चालवताना, स्वयंपाक करताना "तिं तिं ना" तोंडात घोळवत राहा. आणि जमलं की झपतालाकडे वळा : दोन-तीन, दोन-तीन, दहा मात्रा. तिथे समेला "धिं" भरघोस आहे, रूपकानंतर तो ऐकताना फरक लगेच कळेल.